घरतकाका आणि दगडाचा वेग

घरतकाका दगडाचं रीडिंग घेताना श्वास रोखून धरायचे आणि खोलीतल्या बाकीच्यांनाही धरायला लावायचे. आमची लॅब कळंबोलीत, ट्रकच्या स्पेअरपार्टच्या दुकानावर. खाली दिवसभर ट्रेलर मागेपुढे होणार, क्लीनर ओरडणार, कुणीतरी लोखंडी पट्ट्या धाडकन टाकणार. त्या गदारोळात हा बुटका माणूस टेबलाशी उभा राहून नुसती मान हलवायचा की आम्ही चिडीचूप. नवी होते तेव्हा मला हे फारच गावठी वाटायचं. जिऑलॉजीची ताजी पदवी होती आणि ती कुणावर तरी आपटायची खुमखुमी होती. मी म्हटलं, "काका, मशीन दगडात सोडतं तो आवाज माणसाच्या कानाला ऐकूसुद्धा येत नाही. आपण बोललो काय, न बोललो काय, त्याला काय फरक पडतो?"

चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला नाय बाय. मना हाय."

तेव्हापासून मी 'बाय' झाले. माझं नाव जाधव, वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी, राहायला आम्ही कामोठ्याला. हे सगळं त्यांचं पहिल्या दिवशीच विचारून झालं होतं. काका माणसालाही दगडासारखंच विचारायचे: कुठला, किती खोलीवरचा, वर काय होतं, खाली काय होतं. ते स्वतः उलव्याच्या बाजूचे. विमानतळासाठी त्यांचं गाव उठलं आणि आता ते पुनर्वसनाच्या वसाहतीत, दुमजली घरात राहत. पस्तीस वर्षं दगडांच्या लॅबमध्ये काढून आणि पुण्या-मुंबईच्या इंजिनियरांशी बोलूनसुद्धा त्यांच्या तोंडात पाणी हे 'पानी'च राहिलं आणि दगड हा 'दगर'.

आमचं काम सांगायला सोपं आहे. पूल, इमारत, टाकी, काहीही बांधायचं असलं की आधी जमिनीत भोक पाडून खालचा खडक गोल दांडक्यांच्या रूपात वर काढतात. ते दांडके म्हणजे कोअर. लाकडी पेट्यांमधून ते आमच्याकडे येतात. कोअरच्या दोन्ही टोकांना ग्रीस फासायचं आणि दोन्हीकडे एकेक प्रोब दाबून धरायचा. एक प्रोब दगडात आवाजाची लहर सोडतो, दुसरा ती पकडतो, आणि मधल्या प्रवासाला किती वेळ लागला ते मशीन सांगतं. लांबीला वेळेनं भागलं की वेग मिळतो. घट्ट काळ्या दगडातून आवाज सुसाट जातो, भेगाळलेल्या, भोकाभोकाच्या दगडात रेंगाळतो. म्हणजे दगड न फोडता त्याच्या ताकदीचा अंदाज येतो. काकांचे वडील दगडखाणीत सुरुंग लावायला होते. "बापानं जनमभर दगर फोरला," काका म्हणायचे, "मी नुसता इचारतो, बाबा बरा हायस ना?"

हे विचारण्याचे त्यांचे काही नियम होते आणि ते सोवळ्यासारखे कडक होते. मशीनला हात लावण्यापूर्वी साबणानं हात धुवायचे, तेही कोपरापर्यंत. साबण त्यांचा स्वतःचा, एका चपट्या डबीत. सकाळी भाकरीबरोबर बोंबील झालेले असायचे आणि ते तेल दगडाला लागता कामा नये असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक कोअरचं रीडिंग तीनदा घ्यायचं, दर वेळी कोअर थोडा फिरवून. आकडा पेन्सिलीनंच लिहायचा, आणि खोडायचा मात्र नाही. चुकला तर वरून एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. मग पेन्सिल कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "पेनाची शाई ग्रीसात पसरतं." एवढं साधं कारण असेल असं मला वाटलं नव्हतं.

सगळ्यात कडक नियम दांडीचा. दांडी म्हणजे वीतभर लांबीची धातूची गोल कांडी. तिच्यातून आवाज जायला नेमका किती वेळ लागतो तो आकडा तिच्या अंगावरच कोरलेला असतो. रोज मशीन सुरू केलं की पहिल्यांदा दांडीला प्रोब लावायचे, मशीन तोच आकडा दाखवेल असं जुळवून घ्यायचं, आणि मगच दगडाकडे वळायचं. दुकानदारानं सकाळी वजनकाटा शून्यावर आणावा तसं. काका दांडी मऊ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या लाकडी पेटीत ठेवत आणि त्या पेटीवर दुसरी कुठलीही वस्तू ठेवू देत नसत. एकदा आमच्या सामंत सरांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, तिच्यावर चहाचा कप ठेवला. काकांनी कप उचलून तो सरांच्या हातात दिला आणि सर चहा संपेपर्यंत तो हातात धरून उभे राहिले.

कोअर ओले आले तर काका ते मोजायलाच घेत नसत. दगडात पाणी भरलेलं असलं की त्यातून आवाज जास्त वेगानं जातो आणि मध्यम दगडसुद्धा उगीच पैलवान वाटायला लागतो. म्हणून ते कोअर गच्चीवर नेऊन गोणपाटांवर वाळत घालायचे आणि दुपारभर जाऊन जाऊन उलटायचे, दिवाळे कोळीवाड्यातल्या बायका सुकत घातलेली मासळी उलटतात तसे. साइटवाल्यांना कायम घाई. फोनवर फोन. काका फोन घेऊन शांतपणे सांगायचे, "तुमचा दगर अंगोल करून आलाय, जरा सुकू द्या."

त्यांची एक गोष्ट मी यायच्या आधीची, पण लॅबमध्ये दर नव्या माणसाला ती सांगितली जाते. त्यांच्या जुन्या गावाशेजारी टेकडी होती. ती फोडून सपाट करायचं ठरलं तेव्हा तिचे काही कोअर योगायोगानं आमच्याकडेच तपासायला आले. पेटीवरचं नाव वाचून सरांना वाटलं, काकांना हे काम देऊ नये. आपली टेकडी अशी पेटीत भरून आलेली बघायची म्हणजे काय! पण काका हात धुऊन उभे राहिले. तीनतीनदा रीडिंग घेतली, लिहिली, पेन्सिल कानावर अडकवली आणि जिना उतरून गेले. सर घाबरले. पाऊण तासानं काका परत आले ते अर्धा किलो पेढे घेऊन. सरांनी विचारलं, "काय हो, नातू झाला का?"

"नाय वो. आमचा दगर. सहाच्या जवल गेला!"

सेकंदाला सहा किलोमीटरच्या जवळ. आमच्याकडे येणाऱ्या दगडांत एवढा वेग क्वचितच दिसतो. त्या दिवशी त्यांनी खालच्या ट्रकवाल्यांनासुद्धा पेढे वाटले. टेकडी पुढे गेली ती गेलीच. तिच्याबद्दल ते कधी हळहळताना मी ऐकलं नाही, पण 'सहाच्या जवल' हे शब्द मात्र मी शंभरदा ऐकले.

आणि तो सुपरवायझर! उलव्यातल्या एका बांधकामाचा, गॉगल केसांत खोचलेला. त्याच्या कोअरचा वेग कमी भरत होता आणि आणखी खोल खणायचं म्हणजे त्याला नको होतं. तो काकांच्या टेबलावर रेलून म्हणाला, "काका, टेन्शन नको ना देऊ यार. पॉइंट टूचा तर फरक आहे. थोडं सेट करून टाका."

"करू की," काका म्हणाले. "हात धू."

"काय?"

"साबन हाय तिथं. कोपरापर्यंत."

बिचाऱ्यानं हात धुतले. काकांनी त्याला ग्रीस लावायला लावलं, प्रोब धरायला लावले, श्वास रोखायला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. "काय आला?" "तीन पॉइंट तीन." "लिव." त्यानं लिहिलं. "आता खाली सही कर." तो म्हणाला, "माझी सही कशाला?" काका म्हणाले, "मोजलास तू, लिवलास तू, मंग सही काय मी करू?" तो रिपोर्ट जसा होता तसा घेऊन गेला. पुढे दर वेळी कोअर घेऊन स्वतः यायचा आणि आल्या आल्या विचारायचा, "काका, साबण?"

आता माझी गोष्ट सांगायला हवी. काकांची ओळख खरी तिथेच होते, त्यामुळे ती टाळता येत नाही. इतकी वर्षं मी ती फारशी कुणाला सांगितलेली नाही.

मला नोकरीला लागून पाच महिने झाले होते. सहा महिन्यांचं प्रोबेशन. नवरात्रात काका गावदेवीच्या उत्सवासाठी चार-पाच दिवस रजेवर निघाले. जाताना सगळ्या चाव्या माझ्याकडे देऊन म्हणाले, "खंडेनवमीला मशीनची पूजा कर, इसरू नको." पूजा दर वर्षी ते स्वतः करायचे, आम्हाला नुसता प्रसाद मिळायचा. आपल्यावर सोपवली म्हणून मला केवढं भारी वाटलं. नवमीला मी सकाळी लवकर गेले. टेबल पुसलं, रांगोळी काढली, मशीनला झेंडूचा हार घातला. दांडी पेटीतून काढली आणि पाटावर उभी ठेवली. उभी ठेवल्यावर तिचं वरचं टोक गुळगुळीत, गोल, चकचकीत दिसत होतं. कुंकू पाण्यात कालवून मी त्या टोकावर ठसठशीत टिळा लावला. मग दुसऱ्या टोकालाही लावला. एकाच बाजूला कसा लावायचा, असं वाटलं.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी कोअर आले. पाण्याच्या एका उंच टाकीचं काम होतं. खाडीच्या बाजूची जमीन, वर चिखल, मग मुरूम, मग खडक. टाकीचे खांब ज्यांच्यावर उभे राहणार असे पाच पाये, आणि पाचही ठिकाणचा तळाचा दगड आमच्याकडे आला होता. दाबून फोडण्याच्या चाचणीला लागतात तेवढे लांब तुकडे निघाले नव्हते, त्यामुळे सगळी भिस्त आवाजाच्या वेगावर. वेग ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर तिथेच काँक्रीट भरायचं, नाहीतर आणखी खोल जायचं. टाकीच्या कुंपणापलीकडे शाळेचं मैदान होतं, हे मला नकाशावर दिसत होतं.

मी हात धुतले, कोपरापर्यंत. दांडी घेतली. दोन्ही टोकांना कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. आता मला सांगा, पूजेचं कुंकू पुसायचं कसं? आमच्या आईनं घरातल्या शिलाई मशीनचं कुंकूसुद्धा कधी पुसलं नाही. जाईल तेव्हा आपोआप जातं. पुसायचा विचारसुद्धा माझ्या मनाला शिवला नाही. मी कुंकवावरूनच ग्रीस लावलं, प्रोब दाबले आणि मशीन दांडीच्या आकड्यावर जुळवून घेतलं. मग दोन दिवस मन लावून कोअर मोजले. पाचही पास झाले. मी रिपोर्ट लिहिला, सरांनी त्यावर नजर फिरवली आणि तो गेला.

काका आले ते शुक्रवारी दुपारी. शनिवारी सकाळी साइटवर काँक्रीट भरायला सुरुवात होणार होती. त्यांनी मला प्रसादाचा नारळ दिला, हात धुतले आणि सवयीनं दांडीची पेटी उघडली. टोकावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला ग्रीस लागलं, ते लालसर होतं.

"बाय, ह्याच्यावर काय हाय?"

"कुंकू. पूजेचं."

"आनि ह्याच्यावरनंच मशीन लावलीस?"

"पुसायचं कसं काका? कुंकू आहे ना." हे बोलता बोलताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाळलेल्या कुंकवाच्या थरातून जायला आवाजाला जास्त वेळ लागला असणार. मी तो जास्तीचा वेळ दांडीचा म्हणून धरला आणि मशीनला तेवढा कमी दाखवायला शिकवलं. म्हणजे त्यानंतर मोजलेला प्रत्येक दगड होता त्यापेक्षा वेगवान दिसला. होता त्यापेक्षा बळकट. मी दांडी ओढून घेतली आणि ओढणीच्या टोकानं पुसायला लागले.

काकांनी माझं मनगट धरलं. "थांब. आधी मोज."

"काय मोजू?"

"चूक मोज. पुसल्यावर कशी मोजशील?"

त्यांनी प्रोब स्वच्छ पुसून मशीन दुसऱ्या, जुन्या दांडीवर जुळवून घेतलं; ती कपाटात खाली पडलेली असायची. मग कुंकवाची दांडी लावून मला आकडा वाचायला सांगितला. कोरलेल्या आकड्यापेक्षा साडेतीन मायक्रोसेकंद जास्त. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण टीचभर कोअरमधून आवाज पार जायलाच सगळे मिळून तीसेक लागतात. काकांनी आकडा पेन्सिलीनं लिहिला. नंतर लुगड्याचा तुकडा घेतला आणि दांडीची दोन्ही टोकं एका झटक्यात स्वच्छ पुसली. दर मंगळवारी उपास करणारा, उत्सवाहून नुकताच आलेला माणूस! मी बघतच राहिले.

"देवीला समजतं," ते म्हणाले. "दगराला नाय समजत."

सर आले. सगळं ऐकून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाले, "साडेतीनच ना? वजा करा सगळ्यातून आणि बघा. बहुतेक बसेल. बांधकामात तशी सेफ्टी धरलेली असते. आता साइटला काय सांगू, पूजा केली म्हणून रिपोर्ट चुकला?"

काका म्हणाले, "वजाबाकीवर टाकी उभी करताव काय, सर?"

आवाज चढवला नव्हता. सरांनी फोन उचलला आणि साइटला सांगितलं की संध्याकाळपर्यंत थांबा, आम्ही परत मोजतोय. पलीकडून काय काय आलं ते मला तीन फुटांवरून ऐकू येत होतं.

मला वाटलं, काका आता स्वतः मोजतील. त्यांनी स्टूल ओढलं आणि बाजूला बसले. "चल. हात धू."

"काका, माझा हात थरथरतोय. तुम्ही घ्या ना."

"थरथरू दे. तीनदा घ्यायचा हाय."

मी मोजत गेले आणि ते गोष्ट सांगत गेले. श्वास रोखायचा नियम त्या दिवशी पहिल्यांदाच मोडला. ते नवे होते तेव्हा त्यांनी पावसात भिजून आलेले कोअर तसेच मोजले होते. आकडे बघून साहेब म्हणाला होता, वा घरत, काय दगड आहे! आठवड्यानं तेच कोअर सुकल्यावर मोजले आणि सगळे नापास. "मंग?" मी विचारलं. "मंग काय, नशीब माजा. कंपाउंडची भित होती नुसती," काका म्हणाले. "अजून उभी हाय. जाताना मी बघतो तिच्याकडं." मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. पुढचा कोअर मी बऱ्यापैकी स्थिर हातानं धरला.

पहिला पाया पास. दुसरा पास. तिसरा काठावर, पण पास. चौथा आरामात. पाचव्याचे तीन कोअर होते आणि तिन्ही खाली गेले; एकदा, दोनदा, तीनदा, नऊच्या नऊ रीडिंग खाली. मी त्यातला एक तुकडा खिडकीशी नेऊन पाहिला. दगडभर बारीक पांढऱ्या गाठी आणि भोकं. आमच्याकडे त्याला मांजऱ्या म्हणतात. दिसायला दगड, पण टाकीचं ओझं झेलण्याइतका भरवशाचा नाही. कुंकवाच्या थरानं मी त्याला काळ्या दगडाच्या रांगेत बसवला होता.

साडेपाचला सरांनी साइटला कळवलं: चार भरा, पाचवा भरू नका, खाली जा. नवा रिपोर्ट मी लिहिला. खाली माझीच सही केली. काकांनी लॅबची वही पुढे ओढली. चूक झाली की ती कुणाकडून, कशी, ते त्या वहीत लिहायची पद्धत होती आणि प्रोबेशनवरच्या माणसाला कायम करताना ती वही बघितली जायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकांनी लिहिलं: 'पूजेनंतर दांडी पुसायची हे सांगायचे माझ्याकडून राहिले. घरत.' पस्तीस वर्षांत त्या वहीत त्यांचं नाव ओल्या कोअरच्या वेळी एकदाच आलेलं होतं आणि दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. मी तोंड उघडून 'नको' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. भीती वाटत होती नोकरीची. याची लाज मला आजही वाटते आणि ती वाटू नये असंही वाटत नाही.

पाचव्या पायाखाली दीड मीटर आणखी गेल्यावर काळा दगड लागला. त्याचे कोअर बुधवारी आले, कोरडे ठणठणीत. मी ग्रीस लावलं, प्रोब दाबले. आकडा बघून मी काकांकडे वळले तर ते खिडकीबाहेर ट्रेलर बघत होते. "सांग की," ते म्हणाले. मी सांगितलं. पाच पॉइंट चार. त्यांनी जो सुस्कारा सोडला त्यावरून मला कळलं की गेले पाच दिवस हा माणूसही झोपलेला नाही. तोवर मी समजत होते की घाबरलेली मी एकटीच आहे. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. सरांनी सगळ्यांसाठी वडापाव मागवले, काकांनी दोन खाल्ले.

डिसेंबरअखेर ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात सरांनी टेकडीच्या पेढ्यांची गोष्ट सांगितली, सुपरवायझरची सांगितली. टाकीची सांगितली नाही. मीही नाही.

त्यानंतर वर्षभरानं टाकी बांधून झाली आणि पहिल्यांदा पाणी भरायची चाचणी ठरली. दोन दिवस थोडं थोडं भरत आणलं होतं, तिसऱ्या दिवशी काठोकाठ. सर आणि मी गेलो होतो. दोरी बांधून सगळ्यांना लांब उभं केलं होतं, आणि साइटचे इंजिनियर दुर्बीण लावून कुठला खांब बारीकसासुद्धा खचतोय का ते तपासत होते. मी बघत होते फक्त पाचव्या खांबाकडे. पलीकडच्या मैदानात शाळेची मधली सुट्टी झालेली, मुलांचा कलकलाट चाललेला.

तेवढ्यात वॉचमननं जोरात शिट्टी मारली. दोरीच्या आत, बरोब्बर टाकीच्या खाली, पाचव्या खांबाला पाठ लावून कुणीतरी सिमेंटच्या ठोकळ्यावर बसलं होतं. पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. घरतकाका. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. कधी आले, दोरीखालून कधी शिरले, कुणालाच कळलं नाही. वॉचमन ओरडत होता, "ओ बाबा, बाहेर या! वर पाणी भरतंय!" काका त्याच्याकडे बघून हात हलवत होते, जणू त्यानं ओळख दिली आहे.

मी दोरीखालून वाकून धावत गेले. "काका, अहो इथं काय बसलाय? चला बाहेर. शेवटचं रीडिंग अजून व्हायचंय."

"ह्याच्याखालच्या दगराचा रिपोर्ट कोनाचा हाय?"

"माझा."

"सही कोनाची?"

"माझीच, काका."

"मंग मी कशाला उठू?" ते म्हणाले, आणि ठोकळ्यावर थोडे सरकले. "बस."

वर टाकीत पाणी पडण्याचा आवाज येत होता. वॉचमनची शिट्टी चालूच होती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि खांबाला पाठ टेकली.